विसाव्याच्या दगडावर थांबणारी बस

मी नोकरीसाठी गाव सोडलं त्या दिवशी माझी ट्रंक आईच्या डोक्यावर होती आणि मी मोकळ्या हातांनी तिच्या मागून चालत होतो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तिनं मला ट्रंकेला हात लावू दिला नव्हता. "नवी पँट चुरगळंल. नोकरीला चाललायस, हमालीला न्हाई," असं तिचं म्हणणं. केज तालुक्यातलं आमचं गाव, सुदाम, तुला आणि हे पत्र ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. एसटीचा फाटा तीन मैलांवर, आणि वाटेत सावलीला एक बाभूळ, तीही वाकडी.

अर्ध्या वाटेवर कमरेएवढा एक काळा दगड आहे. तिथं आईनं ट्रंक टेकवली आणि पदरानं मान पुसली. त्या दगडाचं महत्त्व तुमच्यातल्या पोरासोरांना कदाचित कळणार नाही, म्हणून सांगतो. डोक्यावरचं जड ओझं एकट्याला उतरवता येत नाही, आणि उतरवलं तर परत चढवता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो. म्हणून वाटेत जो भेटेल त्याला बाया हाक मारतात, "जरा हात लावा." पण आमच्या आळीतल्या बायांनी अशी हाक कधी मारली नाही. आमचा हात दुसऱ्यांच्या ओझ्याला चालत नव्हता आणि आमच्या ओझ्याला हात लावायला कुणी थांबत नव्हतं. आम्ही बौद्ध झालो, घरातला देव्हारा गेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, तरी तेवढं मात्र बदललं नाही. आई दगडावर ओझं टेकवायची आणि गुडघ्यात वाकून दगडावरूनच परत डोक्यावर घ्यायची. दगडाला काही विचारावं लागत नाही, असं ती हसून म्हणायची.

त्या दिवशी मी शहाणपणा दाखवला. म्हटलं, "फाटा आता जवळच आहे की गं." आई म्हणाली, "रिकाम्या माणसाला समदं जवळच दिसतंय, लेकरा." मग तिनं ट्रंक उचलली आणि आम्ही पुढं निघालो. एसटीत बसल्यावर मी रडलो. पण तालुक्याचा स्टँड येईपर्यंत शेजारच्या माणसानं इतक्या शेंगा खायला घातल्या की रडणं आपोआप थांबलं.

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. औरंगाबादच्या आयटीआयमधून नकाशे काढायचं शिक्षण घेऊन मी चिंचवडला उतरलो तेव्हा वाटलं, इथं सगळं जग एकाच वेळी कामाला निघालंय. भोंगा झाला की सायकलींचे लोंढे. कुणी आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात, कुणी औषधाच्या, कुणी नुसताच 'टेम्परवारी'. गावात माणूस माणसाला कुठल्या घरातला म्हणून ओळखायचा, इथं कुठल्या शिफ्टचा म्हणून ओळखायचा. मला ते फार आवडलं. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, अशा तीनच जाती.

राहायला जागा मिळाली ती रेल्वेलाइनच्या पलीकडे, खडकमाळ वस्तीत. पत्र्याच्या खोल्यांच्या सात-आठ रांगा. आमच्या रांगेत एक रत्नागिरीचा फिटर होता, दोन सोलापूरचे भाऊ होते, एक लातूरकडचं कुटुंब होतं, आणि सगळ्यांच्या शेवटी गजराबाई. ती मूळची इथलीच, मावळातली. तिची जमीन कारखान्यांसाठी गेली, नवरा त्याआधीच गेलेला. तिच्या दोन खोल्यांपैकी एक तिनं मला दिली. ती रोज पहाटेच्या शटल रेल्वेनं तळेगावला जाई, बाजारातून भाजी घेई, नऊच्या शटलनं परत येई आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन कामगारांच्या चाळींतून विके.

पहिल्या दिवशी तिनं माझं गाव विचारलं. मग तालुका विचारला. मग पुढचा जो प्रश्न असतो तो विचारायला तिनं तोंड उघडलं, हे मला स्पष्ट दिसलं, कारण त्या प्रश्नाची वाट बघण्यातच माझा जन्म गेला होता. पण ती म्हणाली, "जेवलास का?" दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ती पाटी घेऊन उभी. मी पायरीवर दात घासत होतो. "बघत काय बसलास? हात लाव की रं." पाटीत मेथी, वांगी, कोथिंबीर, म्हणजे माणसांच्या पोटात जायचा माल. मी ब्रश तोंडात तसाच धरून उठलो आणि पाटीला हात लावला. तिनं पाटीखालची चुंबळ नीट केली आणि निघूनही गेली. तिला त्यात काहीच वाटलं नाही. मी मात्र दिवसभर माझ्या हातांकडे बघत होतो.

वर्षभर इकडेतिकडे काम केल्यावर मला नव्या नगराची आखणी करणाऱ्या एका ऑफिसात ट्रेसरची जागा मिळाली. तीही तात्पुरतीच, दर तीन महिन्यांनी नवी ऑर्डर. ट्रेसरचं काम म्हणजे मोठ्या माणसांनी पेन्सिलीनं ठरवलेलं आपण शाईनं पक्कं करायचं. आमचे हेड ड्राफ्ट्समन सांगत, "ट्रेसरला हात असतात, तोंड नसतं." माझं अक्षर चांगलं म्हणून मला महत्त्वाची कामं मिळत.

आमचे साहेब पुण्याचे, रोज रेल्वेनं येत. उंच, किडकिडीत, खांद्याला नकाशांची नळी, मनगटावर भलं मोठं घड्याळ. माणूस मनाचा स्वच्छ होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सरळ बोलायचे, आणि मनात आलं ते करून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. नवं नगर नुसतं मोटारवाल्यांसाठी व्हायला नको, यावर ते तळमळीनं बोलत. त्यांचा नियम असा, की ज्याला स्टेशनपासून दहा मिनिटांच्या वर चालावं लागतं त्याला आधी बस द्यायची. बसगाड्या मोजक्याच मिळणार होत्या, तेव्हा नियम न्यायाचाच होता. त्यांनी मला स्टेशनच्या ठिपक्यावर कंपास टेकवून एक वर्तुळ काढायला सांगितलं. वर्तुळाच्या आत दहा मिनिटं, बाहेर जास्त. बाहेरच्यांना बस.

मी वर्तुळ काढलं. सुरेख आलं, शाई कुठं फुटली नाही. आणि बघतो तर खडकमाळ वस्ती त्या वर्तुळाच्या आत. बस निघाली होती पलीकडच्या बंगल्यांच्या प्लॉटांकडे, कारण ते वर्तुळाच्या बाहेर पडत होते. तिथं अजून एकही बंगला उभा नव्हता, फक्त चुन्याच्या रेघा होत्या.

कंपासाला काय, तो उडत जातो. स्टेशन आणि आमच्या वस्तीच्या मध्ये रेल्वेचं कुंपण होतं, पुढं नाला होता आणि नाल्याला पूल नव्हता. आम्हाला फाटकावरून वळसा घालून यावं लागे, आणि फाटकात मालगाडी आडवी आली तर तिथंच बैठक मारावी लागे. मला रोज पस्तीस मिनिटं लागत. हे सगळं ठाऊक असून मी ते वर्तुळ काढलं आणि गप्प बसलो. ऑर्डर संपायला पंधरा दिवस राहिले होते.

घरी आलो तर गजराबाई गुडघ्याला गरम विटेनं शेकत होती. तिचे गुडघे त्या पावसाळ्यापासून बोलायला लागले होते. म्हणाली, "बस येणार म्हनत्यात. आली तर बरं. न्हाईतर धंदा मोडायचा आन् देहूला लेकीकडं जाऊन बसायचं. जावयाच्या दारात फुकटचं खायचं म्हंजे, बाबा, त्यापरीस..." तिनं वीट दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. ज्या बाईनं मला पहिल्यांदा 'हात लाव' म्हटलं, तिची बस मीच माझ्या हातानं वर्तुळात बुडवली होती. सुरेख अक्षरात.

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिला आधी हसू आलं. "तुजा कंपास नाल्यावरनं उडी मारतो व्हय? मग त्यालाच म्हनावं, माजी पाटी घेऊन जा." मग गंभीर होऊन म्हणाली, "सांग की तुज्या साहेबाला. मानूस हाय का राकीस?"

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले, वर्तुळ बघून 'वा' म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मी इथंच राहतो. या वर्तुळात. मला पस्तीस मिनिटं लागतात." हेड ड्राफ्ट्समनचा चहा बशीतच राहिला. साहेबांनी मात्र लगेच घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "पस्तीस? चल, आत्ता चालून बघू."

आता माझी अक्कल ऐका. स्टेशनपासून निघालो आणि मी काय केलं असेल? साहेबांच्या खांद्यावरची नळी मी घेतली, हातातली बॅग घेतली, ऊन म्हणून छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. साहेब माणूस आणि आपण मोकळ्या हातानं चालायचं, हे आमच्या रक्तातच नाही. फाटक नेमकं उघडं होतं. लांब टांगांचे साहेब मोकळ्या हातांनी सुसाट निघाले आणि मी मागून घामाघूम. वस्तीच्या तोंडाशी त्यांनी घड्याळ बघितलं. "अठरा मिनिटं. वर्तुळ चुकलंय हे खरं, पण पस्तीस काही नाहीत. तू हळू चालतोस, लिंबाजी. आणि पलीकडच्या प्लॉटांना पंचवीस लागतात." हिशेब त्यांच्या बाजूनं बरोबर होता. मी 'होय साहेब' म्हणालो आणि छत्री धरून परत निघालो.

संध्याकाळी गजराबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आरं येड्या, त्याचं वझं तू घेतलंस, मग त्याला वाट कळनार कशी?"

मला त्या क्षणी आमच्या वाटेवरचा काळा दगड दिसला, त्यावर टेकवलेली ट्रंक दिसली, आणि माझी नवी पँट. आईनं सांगितलेलं मी साफ विसरलो होतो. साहेबांना मी अगदी तसंच चालवलं होतं, जसं तिनं मला चालवलं होतं.

"साहेब कोंच्या गाडीनं येतो?" गजराबाईनं विचारलं. मी म्हटलं, पुण्याकडून नऊच्या सुमारास. "आमची तळेगावची बी तवाच लागती. त्या नळकांड्यावरनं वळखीन मी." मी तिच्या पाया पडायचा बाकी राहिलो, की बाई, माझी नोकरी जाईल. ती म्हणाली, "तू बोलूच नगंस. तुला तोंड न्हाई म्हनत व्हता ना तुजा हेड? मला हाय."

पुढचं मला नंतर कळलं. प्लॅटफॉर्मवर साहेब उतरले, गजराबाई भरलेली पाटी पुढ्यात ठेवून त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, जरा हात लावा." या हाकेला नाही म्हणता येत नाही, अगदी पुण्याच्या माणसालाही. साहेब वाकले, पाटीला हात लावला आणि त्यांना ती ढोपराच्या वर उचलेना. गजराबाईनं सांगितलं, "मी खडकमाळातली बाई. काल रिकामं चालून गेलात, आज भरल्या डोक्यानं चला की माज्यासंगं." तिच्याबरोबरच्या बाईची लहान पाटी होती, कोथिंबिरीची नि मेथीची. साहेबांनी काय विचार केला देव जाणे, त्यांनी नळी त्या मैत्रिणीकडे दिली आणि ती लहान पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

मी तेव्हा घरून ऑफिसला निघालो होतो. आमच्या वाटेवर तीन दगड आहेत. रस्त्याच्या कामातून उरलेले ते मोठे दगड वस्तीतल्या बायांनीच कधीतरी ढकलत आणून कडेला उभे केले होते, आमच्या गावच्यासारखेच, कमरेएवढे. दुसऱ्या दगडापाशी मला गर्दी दिसली. जवळ गेलो तर साहेब दगडाला टेकून उभे. टाय सैल, केसात मेथीची पानं, तोंड टोमॅटो झालेलं, आणि पाटी दगडावर, शेजारी गजराबाईची. भोवती सात-आठ बाया आणि नाइट शिफ्ट सुटून आलेले चार कामगार. एक जण साहेबांना तळहातावर तंबाखू देत होता.

मी धावलो आणि पाटी उचलायला हात घातला. "ए! हात न्हाई लावायचा!" गजराबाई ओरडली. "आज त्याच्या वझ्याला कुनी हात न्हाई लावायचा."

साहेब म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. लिंबाजी, तू बाजूला हो." मग त्यांनीच तिच्याकडे बघून विचारलं, "पण चढवायला तरी लावाल ना?" सगळ्या बाया हसल्या. गजराबाईनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं हात लावला आणि पाटी त्यांच्या डोक्यावर चढवली. बायांनी गजराबाईची पाटीही चढवली आणि मैत्रीण नळी घेऊन पुढं चालली. फाटक त्या दिवशी बंद मिळालं होतं, तेव्हा वस्तीत पोचेपर्यंत त्यांच्या घड्याळात एकेचाळीस मिनिटं झाली होती. गजराबाईच्या ओट्यावर ते बसले, दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "ते तीन दगड कुणी ठेवले? बरोबर जिथं माणूस थकतो तिथंच आहेत." गजराबाई म्हणाली, "आमीच. आमची सोय आमालाच करावी लागती न्हवं."

ऑफिसात गेल्यावर त्यांनी मला अर्धं ब्लेड दिलं. ट्रेसिंगवरची शाई खोडायची ती ब्लेडनं हलक्या हातानं खरवडून. ते सुरेख वर्तुळ खरवडायला मला पाऊण दिवस लागला आणि इतक्या आनंदानं मी आजवर काही पुसलं नाही. त्याजागी आम्ही खऱ्या पायवाटा काढल्या, फाटक आणि नाल्यासकट. साहेबांनी पेन्सिलीनं तीन ठिपके मारले आणि म्हणाले, "थांबे इथं." बंगल्यांच्या प्लॉटांनाही बस मिळाली, पण आमच्या वस्तीतून वळसा घालून. नाल्यावरचा पूलही त्याच नकाशात आला. माझी ऑर्डर पुढं चालू राहिली, आणि हेड ड्राफ्ट्समन त्या दिवसापासून मला 'लिंबाजीराव, तुम्ही बोला' म्हणायला लागले, त्यात थोडा टोमणा असायचाच.

नकाशावर आलेली बस रस्त्यावर यायला दीड वर्ष लागलं, हेही सांगितलं पाहिजे. पण आली. रत्नागिरीच्या फिटरनं नारळ फोडला, लातूरकरांनी गुलाल उधळला, आणि गजराबाई पहिल्या बाकावर पाटी मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर पाटीवरून हुज्जत घालायला लागला तर म्हणाली, "ही बस पाटीवर बसून आली हाय बाबा, पाटीला उठवू नगंस." थांब्यांना सरकारी नावं आहेत, फलकावर रंगवलेली. ती कुणी वाचत नाही. कंडक्टरसुद्धा 'पयला दगड', 'दुसरा दगड' असंच ओरडतो.

या सगळ्या काळात आई मात्र इथं आली नव्हती. माझं लग्न गावाकडे झालं, सुमन इकडे आली, मुलगी झाली, तरी आईचं आपलं 'पुढल्या साली बघू'. सुमनला तिनं एकदा खरं सांगितलं होतं. परक्या गावात ओझं घेऊन उतरायचं आणि कुणाकडं बघायचं, याची तिला धास्ती होती. ओझं कशाला आणायचं, असं विचाराल तर तुम्ही आमच्या आईला ओळखत नाही.

या हिवाळ्यात ती आली. पत्र तिच्या मागून दोन दिवसांनी पोचलं, म्हणजे मला पत्ताच नव्हता. लग्नानंतर घेतलेल्या माझ्या खोलीचं दार दुसऱ्या दगडाच्या समोर आहे. रविवारचा दिवस होता, मी दाढी करत होतो. बस थांबली, आणि आरशात मला एक हिरवं लुगडं उतरताना दिसलं. मागून ज्वारीचं भलं मोठं गाठोडं. कंडक्टरनं ते दगडावर ठेवलं आणि बस गेली. मी साबण तसाच घेऊन धावलो, पण रस्ता ओलांडायच्या आधीच थबकलो.

आईनं गाठोड्याभोवती हात घातला होता आणि गुडघे वाकवले होते, नेहमीसारखे. मग ती थांबली. शेजारून एक बाई चालली होती, ती मलाही ओळखीची नव्हती. आईनं तिच्याकडे बघितलं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून ती हाक ऐकली. हळूच, जवळजवळ चोरून. "बाई, जरा हात लावता का?" त्या बाईनं पिशवी खाली ठेवली, गाठोड्याला हात लावला, ते आईच्या डोक्यावर चढवलं आणि 'सावकाश जावा मावशी' म्हणून निघून गेली.

मी समोर गेलो तेव्हा आई रस्त्यातच उभी होती, डोक्यावर गाठोडं आणि डोळ्यांत पाणी. मला बघून ती काही ख्यालीखुशाली विचारायच्या भानगडीत पडली नाही. म्हणाली, "तिनं गाव बी इचारलं न्हाई रं."

सुदाम, तू मागच्या पत्रात विचारलंस, दादा, तुझं घर आता इथलं की तिथलं. आणि तुमच्यातले जे मुंबईला, अहमदाबादला गेले तेही मला हेच विचारत असतात. गावाची मला आठवण येते, ती बाभूळसुद्धा आठवते. पण घर कुठलं म्हणाल तर ज्या रस्त्यावर माझी आई परक्या बाईला हाक मारू शकते, तो रस्ता माझं घर. आई आठ दिवसांसाठी आली होती. आता तिसरा महिना चालू आहे. सकाळी नऊला, गजराबाई भाजी विकायला उतरते ती बस यायच्या आधीच, ती दुसऱ्या दगडापाशी जाऊन उभी राहते, पाटीला हात लावायला.